दिलेला ताप आणि पोचलेला ताप

(नंदेसरी औद्योगिक वसाहतीतील मराठी भाषक रसायनतंत्रज्ञ व प्रयोगशाळा-सहायक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या नमुन्याचे तापमान कसे मोजावे, याविषयी मराठीच्या प्राध्यापिकेने बोलण्याचे काय कारण, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. तो रास्त आहे. यंत्र तुम्ही चालवता, आम्ल तुम्ही हाताळता, अहवालाखाली सही तुमची असते. माझे काम शब्दांचे. परंतु हा विषय असा आहे की, इथे यंत्राच्या वापरातली चूक आणि शब्दाच्या वापरातली चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. म्हणून मी तो निवडला.

एक साधा प्रश्न घेऊ. 'नमुना किती तापवला?' पहिला म्हणेल, 'सहाशे वॅटवर पाच मिनिटे.' दुसरा म्हणेल, 'एकशे सत्तर अंशांपर्यंत.' दोघांनाही आपण प्रश्नाचे उत्तर दिले असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्याने यंत्राने काय दिले ते सांगितले आणि दुसऱ्याने नमुन्यापर्यंत काय पोचले ते सांगितले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरी आपोआप कळत नाही. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण आहे.

आपल्या भाषेत या दोहोंसाठी वेगळे शब्द आहेत. 'उष्णता' ही ऊर्जा आहे. ती द्यावी लागते, ती घेतली जाते. 'तापमान' ही पदार्थाची अवस्था आहे. जुन्या मराठी शास्त्रीय पुस्तकांत 'उष्णतामान', 'उष्णमान', 'तपमान' असे निरनिराळे शब्द दिसतात. पुढे 'तापमान' स्थिरावला. पण बोलताना आपण दोन्हींसाठी 'ताप', 'गरमी' किंवा सरळ 'हीट' म्हणतो. घरच्या चुलीवर त्याने फारसे बिघडत नाही, कारण तिथे चिन्हे मदतीला असतात. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, आवाज येऊ लागतो, वाफ दिसते, मग खळखळ उकळी फुटते. पाणी कोमट, कढत, उकळते हे डोळ्याला आणि कानाला कळते. तेल तापले का, हे पिठाची बारीक गोळी टाकून पाहता येते. विस्तवाची धग खालून वर आणि बाहेरून आत येते, त्यामुळे भांडे तापले म्हणजे आतले तापत असणार, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

मायक्रोवेव्हने हा अनुभवच उलटा केला आहे. घरगुती आणि प्रयोगशाळेतील बहुतेक यंत्रे २.४५ गिगाहर्ट्‌झ या वारंवारतेच्या लहरी वापरतात; या लहरींची लांबी हवेत सुमारे १२ सेंटिमीटर असते. काच किंवा टेफ्लॉन यांतून त्या बहुतांशी पार होतात आणि आतल्या ध्रुवीय द्रवात शोषल्या जातात. म्हणून आतला द्रव आधी तापतो आणि भांड्याची भिंत त्याच्याकडून उष्णता घेते. तेलाच्या बाथमध्ये फ्लास्कची भिंत सर्वांत गरम असते. इथे भिंत आतल्या द्रवापेक्षा थंड असते. भिंतीला हात लावून, किंवा भिंतीकडे पाहणारा संवेदक लावून, आतले समजेल ही खात्री इथे उरत नाही.

शिवाय सगळे द्रव सारखे तापत नाहीत. लहरींचे उष्णतेत रूपांतर करण्याची द्रवाची क्षमता दाखवणाऱ्या आकड्याला तुम्ही लॉस टॅन्जंट म्हणता. २.४५ गिगाहर्ट्‌झला आणि नेहमीच्या खोलीच्या तापमानाला तो इथेनॉलसाठी सुमारे ०.९४, पाण्यासाठी ०.१२, टोल्युइनसाठी ०.०४ आणि हेक्झेनसाठी ०.०२ आहे. तेव्हा तेच यंत्र, तेच वॅट आणि तीच मिनिटे असली, तरी एका भांड्यात उकळी येईल आणि दुसरे जवळजवळ तसेच राहील. तापमान वाढले की हे आकडेही बदलतात. मग 'सहाशे वॅट, पाच मिनिटे' या नोंदीवरून नमुन्याविषयी काय कळले? फार थोडे.

आता मोजण्याची साधने पाहू. पाऱ्याचा तापमापक या पेटीत ठेवता येत नाही. पारा धातू आहे. लहरींच्या क्षेत्रात तो स्वतः तापतो, ठिणगी पडू शकते, नळी फुटली तर पाऱ्याची वाफ प्रयोगशाळेत पसरते. मग काहींना रंगीत अल्कोहोलचा तापमापक सुरक्षित वाटतो. पण अल्कोहोल हे लहरी शोषणारे द्रव आहे. तो तापमापक नमुन्याचे ऐकण्याआधी स्वतःच तापतो. मराठीत 'ताप' या शब्दाचा दुसरा अर्थ आठवून म्हणायचे तर, रोग्याच्या काखेत लावलेल्या नळीला स्वतःलाच ताप आला आहे, आणि ती आपलाच आकडा सांगत आहे.

थर्मोकपल म्हणजे दोन धातूंच्या तारांचा सांधा. उघडी तार लहरींच्या क्षेत्रात अँटेनासारखी वागते. ती तापते, ठिणग्या पाडते, सिग्नलमध्ये गोंधळ करते. धातूचे आवरण घालून आणि नीट अर्थिंग करून काही यंत्रांत ती वापरली जाते, पण ते त्या यंत्राच्या रचनेचा भाग म्हणून. आपण बाहेरून एक तार आत सोडली आणि काम झाले, असे होत नाही.

राहतात दोन प्रमुख मार्ग. पहिला अवरक्त संवेदकाचा. तो भांड्याच्या बाहेरून पृष्ठभागावरून निघणारे प्रारण मोजतो. स्वस्त, टिकाऊ, हाताळायला सोपा. म्हणून बऱ्याच यंत्रांत तोच बसवलेला असतो. पण नेहमीची काच त्या प्रारणाला पारदर्शक नसते, त्यामुळे त्याला भिंतीची बाहेरची बाजू दिसते. आतला द्रव भराभर तापत असताना भिंत मागे राहते आणि पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. जाड टेफ्लॉनच्या भांड्यात, टेफ्लॉन उष्णतेचा मंद वाहक असल्याने, हे अंतर आणखी वाढते. बाहेरून थंड हवेचा झोत चालू असेल तर संवेदक त्या गार झालेल्या भिंतीचीच बातमी देतो.

दुसरा मार्ग प्रकाशतंतूचा. काचेच्या बारीक तंतूच्या टोकाला गॅलियम आर्सेनाइडचा लहानसा स्फटिक असतो. तापमान बदलले की तो शोषत असलेल्या प्रकाशाची सीमा सरकते, आणि त्यावरून अंश कळतात. काही तंतूंच्या टोकाला चमकणारे द्रव्य असते. प्रकाश बंद केल्यावर त्याची चमक किती वेळात विझते यावरून तापमान काढतात. यात कुठेही धातू नाही, म्हणून हा तंतू नमुन्याच्या आत ठेवता येतो. तो महाग आहे, नाजूक आहे, आणि संरक्षक नळीत घातला की थोडा उशिरा बोलतो. तरीही तो आत बसून बोलतो, हे त्याचे मोल. आत तंतू आणि बाहेर संवेदक असे दोन्ही ठेवून दोघांचे आकडे पडताळणे, ही सर्वांत विश्वासाची रीत.

आणि हो, ढवळणे. लहरी पेटीत सर्वत्र सारख्या नसतात. कुठे तीव्र, कुठे मंद. न ढवळलेल्या भांड्यात वरचे एक तापमान, खालचे दुसरे. गुळगुळीत भांड्यातले पाणी उकळबिंदूच्या काही अंश वर जाऊनही शांत दिसू शकते, आणि चमचा किंवा कण पडताच एकदम उसळते. आपल्याकडे दूध 'उतू जाते', पण त्याआधी ते वर चढताना दिसते. इथे तेवढीही सूचना मिळत नाही. आपली जुनी चिन्हे इथे गप्प बसतात, म्हणूनच मोजणी हवी.

ही केवळ बारीकसारीक चिकित्सा आहे असे कुणाला वाटेल, म्हणून रसायनशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासातली एक हकिकत सांगते. १९८६ साली कॅनडातील लॉरेन्शियन विद्यापीठातल्या एका गटाने, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील दुसऱ्या गटाने, घरगुती मायक्रोवेव्हमध्ये सेंद्रिय अभिक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले. तासांचे काम मिनिटांत झाले. त्यानंतर हजारो शोधनिबंध आले, आणि त्यांतल्या अनेकांत असे म्हटले गेले की, या लहरींमध्ये उष्णतेपलीकडचा काही खास परिणाम आहे. कारण तेवढ्याच तापमानाला तेलाच्या बाथमध्ये अभिक्रिया इतकी वेगाने होत नाही.

'तेवढ्याच तापमानाला' हा त्या वाक्यातला नाजूक शब्दप्रयोग. ते तापमान कुणी, कुठे मोजले होते? ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात ऑलिव्हर काप्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हातात घेतला. त्यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्या वापरल्या. हे द्रव्य लहरी स्वतःच जोराने शोषते आणि तापते. आतल्या द्रवापर्यंत लहरी जवळजवळ पोचत नाहीत, फक्त उष्णता पोचते. आत प्रकाशतंतूने तापमान मोजून, काचेच्या आणि सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्यांत त्याच अभिक्रिया त्याच तापमानाला केल्या, तेव्हा निकाल सारखेच आले. २००९ साली हे काम प्रसिद्ध झाले. 'खास परिणाम' म्हणून जे सांगितले जात होते, त्यातले बरेचसे चुकीच्या जागी मोजलेल्या तापमानाचे फळ होते.

हे कसे घडते, याचा अंदाज तुम्हाला आहे. दर दहा अंशांना अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. संवेदकाने तीस अंश कमी दाखवले, तर वेग आठपट दिसेल, आणि त्याचे श्रेय लहरींच्या जादूला जाईल. विद्वानांनी वर्षानुवर्षे जे लिहिले, त्याच्या मुळाशी एका शब्दाची ढिलाई होती: भिंतीच्या तापमानाला 'अभिक्रियेचे तापमान' म्हटले गेले.

आता नंदेसरीकडे येऊ. या वसाहतीत रंगद्रव्ये, औषधांची मध्यवर्ती रसायने, आम्ले तयार होतात. सांडपाणी सामायिक शुद्धीकरण केंद्रात जाते, आणि तिथून पुढे सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीने महीच्या मुखाकडे, खंभातच्या आखाताच्या दिशेला. शेजारून मही वाहते, आणि फाजलपूर, रायका, पोइचा, दोडका इथल्या नदीपात्रातील विहिरींचे पाणी वडोदरा शहर पिते. अशा ठिकाणी सांडपाण्यातील आणि गाळातील जड धातूंचे आकडे ही कागदी गोष्ट राहत नाही.

धातू मोजण्यापूर्वी नमुना आम्लात पुरता विरघळवावा लागतो; त्याला तुम्ही डायजेशन म्हणता. त्यासाठी मायक्रोवेव्हचा वापर १९७५ सालापासून नोंदला गेला आहे. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या ३०५१ क्रमांकाच्या पद्धतीत गाळाचा किंवा मातीचा अर्धा ग्रॅमपर्यंत नमुना दहा मिलिलिटर नायट्रिक आम्लात, बंद भांड्यात घेतात. सुमारे साडेपाच मिनिटांत १७५ अंश गाठायचे आणि दहा मिनिटे पुरी होईपर्यंत १७० ते १८० च्या दरम्यान ठेवायचे. पाण्याच्या नमुन्यांसाठीच्या ३०१५ क्रमांकाच्या पद्धतीत ४५ मिलिलिटर नमुना व पाच मिलिलिटर आम्ल घेतात, आणि गाठायचे तापमान सुमारे १७० अंश आहे. लक्षात घ्या, या पद्धतींचा गाभा अंशांत आहे. नायट्रिक आम्ल उघड्या भांड्यात सुमारे १२० अंशांना उकळते; १७५ गाठायचे तर भांडे बंद हवे, आणि बंद भांड्यात दाब चढतो.

इथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. खरे तापमान पडद्यावरच्या आकड्याहून कमी राहिले, तर गाळ अर्धवट विरघळेल, धातू अवशेषात अडकून राहील, आणि अहवालात आकडा कमी येईल. कुणाचीही लबाडी नसताना अहवाल खोटे बोलेल. खरे तापमान जास्त झाले, तर दाब वाढेल. सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर वायू झपाट्याने सुटतील, आणि धोका समोर उभ्या असलेल्या माणसाला असेल. तो माणूस बहुतेक वेळा अहवालावर सही करणारा नसतो. भांडी भरणारा आणि उघडणारा सहायक असतो.

ज्या यंत्रात आतले तापमान मोजण्याची सोय नाही, तिथे काय करायचे? किमान यंत्र देते किती, हे तरी तपासावे. रीत सोपी आहे. एक किलो पाणी लहरी पार जाऊ देणाऱ्या भांड्यात घ्या, सुरुवातीचे तापमान टिपा, पूर्ण शक्तीवर दोन मिनिटे तापवा, बाहेर काढून लगेच चांगले ढवळा आणि पुन्हा टिपा. जितके अंश वाढले, त्यांना ३५ ने गुणा; साधारण तितके वॅट पाण्यात उतरले. समजा, अठरा अंश वाढले, तर सुमारे ६३० वॅट. यंत्रावरच्या पाटीवर आठशे किंवा हजार लिहिलेले असेल. पण पाण्यात उतरलेला आकडा हा. यंत्र जुने झाले की तो बदलतो, म्हणून ही तपासणी अधूनमधून करायची. मात्र तीतूनही 'दिले किती' एवढेच कळते. 'पोचले किती' याचे उत्तर नमुन्याकडूनच घ्यावे लागते.

दिलेले आणि पोचलेले यांचा भेद ओळखणे हे आपल्याकडे नवे नाही. रसशास्त्रात भस्म तयार करताना 'पुट' देतात. गजपुट, वराहपुट, कुक्कुटपुट, कपोतपुट ही पुटांची नावे. खड्डा केवढा आणि गोवऱ्या किती, यावर ती ठरतात. कपोतपुटाला आठ गोवऱ्या सांगितल्या आहेत. हे झाले दिलेल्या अग्नीचे माप. पण ठरलेली पुटे दिली म्हणजे भस्म झाले, असे रसवैद्य मानत नाही. भस्म बोटांच्या रेषांत शिरते का, ते 'रेखापूर्ण' झाले का, पाण्यावर तरंगते का, म्हणजे 'वारितर' आहे का, हे तो वेगळे पाहतो. तेल सिद्ध करताना मृदू, मध्यम आणि खर पाक असे भेद केले जातात. ते तेलातील कल्काच्या स्थितीवरून. घरात साखरेचा पाक 'एकतारी' झाला का, हे बोटांत धरून पाहतात. किती लाकडे जळली हे कुणी विचारत नाही. रसशास्त्र म्हणजे आजचे रसायनशास्त्र असे मी म्हणत नाही. त्या परंपरेत तापमापक नव्हता. पण दोन गोष्टींसाठी दोन शब्द आणि दोन परीक्षा ठेवण्याची शिस्त तिच्यात होती, आणि ती आपल्या भाषेत अजून आहे.

वडोद्यात बसून हे बोलताना आणखी एक परंपरा आठवते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली इथे कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा आग्रह असा की, रंगकाम, रसायन, यंत्रविद्या हे विषय कारागिराला त्याच्या भाषेतून समजले पाहिजेत. पुढे १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी ज्या रासायनिक उद्योगाचा पाया घातला, त्याला नावच मिळाले अलेंबिक, म्हणजे ऊर्ध्वपातनाचे जुने भांडे. १९३१ मध्ये याच संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश काढला. त्यात राज्यकारभारातील शब्दांचे अनेक भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडले होते. त्यामागची समजूत सरळ आहे. कचेरीतला हुकूम असो की कारखान्यातली कृती, शब्द अचूक नसेल तर काम अचूक होत नाही.

आज आपल्या प्रयोगशाळांत वही इंग्रजीत असते, यंत्राचा पडदा इंग्रजीत असतो, आणि पाळी बदलताना बोलणे मराठीत, गुजरातीत, हिंदीत होते. धोक्याची गोष्ट नेमकी या बोलण्यात सांगितली जाते किंवा सुटते. 'तापवून झालंय, उघडा आता,' हे वाक्य घ्या. काय झाले आहे? ठरलेला वेळ संपला, की नमुना गार झाला? यंत्र थांबले आहे, पण आतला द्रव भिंतीपेक्षा अजून कितीतरी गरम आणि दाबाखाली असू शकतो. अशा ठिकाणी मराठी नेमकी असायला हवी, आणि ती असू शकते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पाळीच्या वहीत, भाषा कोणतीही असो, पाच रकाने ठेवा. दिलेली शक्ती, वॅटमध्ये. दिलेला वेळ. गाठलेले तापमान. त्या तापमानाला राखलेला वेळ. आणि पाचवा रकाना, जो बहुतेक वह्यांत नसतो: तापमान कुठे आणि कशाने मोजले. नमुन्यात, भिंतीवर, की मुळीच नाही? 'मोजले नाही' हेही लिहा. ती प्रामाणिक नोंद आहे, आणि पुढच्या माणसाला ती उपयोगी पडते. बोलताना 'नमुन्याचे तापमान' आणि 'भांड्याचे तापमान' असे दोन शब्दप्रयोग वेगळे वापरा. यासाठी परिभाषाकोश उघडावा लागत नाही, शब्द आपल्या तोंडात आहेत.

मराठीतून विज्ञान लिहावे की नाही, यावर सभांतून पुष्कळ चर्चा होते, आणि ती बहुधा अभिमानाच्या अंगाने जाते. मला ती कामाच्या अंगाने व्हावीशी वाटते. ज्या भाषेत सहायक आपल्या जोडीदाराला 'थांब, अजून उघडू नको, आतलं तापमान उतरलेलं नाही' असे सांगतो, त्या भाषेत हा फरक नेमका राहिला पाहिजे. यंत्र जो आकडा दाखवते, तो कुणाचा आहे हे विचारण्याची सवय भाषेने लावायची असते. महीकाठी बसून पाण्याचा खरा हिशेब ठेवणाऱ्या तुम्हा मंडळींकडून ही सवय आम्हा भाषेच्या लोकांनीही शिकण्यासारखी आहे.